पहिल्या तळावर बाबा

जर्मनटाउन, फिलाडेल्फिया
ता. १२ मे १८६६

चि. अँब्रोज यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे मी आणि केझाया खुशाल आहोत. तुझी खुशाली तू कळवीत नाहीस, म्हणून ती आम्ही गृहीत धरून चाललो आहोत. ब्रुकलिनमध्ये शाई मिळत नसेल तर इथून पाठवतो.

माझा मोजे विणण्याचा माग चालू आहे. उत्तर-दक्षिणेची लढाई संपल्यापासून सैन्याची मागणी बंद झाली, पण पायांना थंडी वाजायची काही थांबत नाही, त्यामुळे पोट भरते. संध्याकाळी मैदानावर जातो. लढाईच्या काळात फौजेने आपल्या खेळपट्टीवर घोडे बांधले होते हे तुला माहीत आहेच. गेले सगळे वर्ष खुरांचे खड्डे बुजवण्यात गेले. मी आणि जेथ्रो बर्किन मिळून रूळ ओढतो, आणि तो क्लबाचा चिटणीस असल्यामुळे ओढण्यापेक्षा सूचना जास्त करतो. पण यंदा गवत असे आले आहे की इंग्लंडातल्या आपल्या जुन्या नॉटिंगहॅमच्या माणसाने बघावे आणि गप्प बसावे.

गवत आले, माणसे येत नाहीत. अकरा जण जमवताना दमछाक होते. जी पोरे लढाईला गेली त्यांतली काही परतली नाहीत, आणि जी परतली ती छावणीतून बेसबॉल नावाचे खूळ घेऊन आली. लाटण्यासारखी बॅट, मागे यष्ट्या नाहीत, चेंडू आला की डोळे मिटून हाणायचा आणि शेपटीला आग लागल्यासारखे पळायचे. दुपारी सुरू होते आणि चहाच्या आत संपते. याला खेळ म्हणायचे तर आगगाडी पकडण्यालाही म्हणावे लागेल. क्लबाने शनिवारी मैदान त्यांना भाड्याने दिले आहे. मी विरोध केला होता. आता मी फक्त एवढेच बघायला जातो की कुणी आपल्या खेळपट्टीवर पाय देत नाही ना.

तू मात्र तिकडे क्रिकेट सोडले नाहीस हे तुझ्या मागच्या पत्रात वाचून बरे वाटते. बर्किनला मी सांगितले की आमचा अँब्रोज ब्रुकलिनमध्ये सलामीला जातो. त्याने तीनदा ऐकून घेतले, चौथ्यांदा जांभई दिली. ऑगस्टात न्यूअर्कचा संघ येणार आहे. तुझी जागा मोकळी ठेवली आहे. मी पंच असेन, तेव्हा बाप म्हणून सवलतीची आशा ठेवू नये. पायचीत असशील तर पायचीत देईन.

प्रकृतीस जपावे. थोडे लिहिले आहे, जास्त समजून घ्यावे आणि त्याहून जास्त लिहावे.

तुझा,
इनॉक टान्स्ली


ब्रुकलिन
ता. ३ जून १८६६

चि. केझीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या सुताच्या दुकानावर पाठवतो आहे, यावरून तू काय ते ओळखशीलच. भुवया खाली घे आणि वाच.

बाबांचं पत्र आलं. वाचताना मान वर करवत नव्हती. केझी, मी इथे क्रिकेट खेळत नाही. आल्यापासून एकदाही खेळलो नाही. बाबांना जे लिहिलं ते सगळं खोटं. मी बेसबॉल खेळतो, पहिल्या तळावर उभा राहतो, आणि लोक म्हणतात बरा खेळतो.

हे कसं झालं ते सांगतो. आमच्या पलटणीत सुरुवातीला आम्ही तिघे-चौघे क्रिकेटवाले होतो. पण व्हर्जिनियाच्या चिखलात खेळपट्टी कुठून आणायची? दोन दिवस सामना चालेल इतका वेळ कोण देणार? दुपारी कवायत संपायची, कुणीतरी कुंपणाची फळी तासून आणायचं, पळत गाठायचे चार तळ म्हणून चार गोणपाटाच्या पिशव्या टाकायच्या, झालं मैदान. ओहायोचा शेतकरी, न्यूयॉर्कचा छपाईवाला, आयरिश हमाल, सगळे त्यात घुसायचे. कुणाला कुणी विचारायचं नाही की तू कुठला. आणि आपला क्लब आठव. शेजारच्या जर्मन पोरांना आपण कुंपणापलीकडून चेंडू परत फेकू द्यायचो, एवढंच. इंग्लंडात जन्मलेला नसेल तर सभासद नाही. मग ती पोरं दुसरं काही खेळणारच ना. आता सगळा देश तेच खेळतोय, आणि वर्तमानपत्रं त्याला आपला राष्ट्रीय खेळ म्हणतात.

इथे दोरखंडाच्या कारखान्यात इंग्लिश म्हटलं की टोमणे सुरू होतात. लढाईत इंग्लंडनं दक्षिणेला जहाजं बांधून दिली, हे लोक अजून विसरलेले नाहीत. तेव्हा मी सांगून टाकलं की मी पेनसिल्व्हेनियात जन्मलो. बोटीतून उतरलो तेव्हा मला चालताही येत नव्हतं, मग काय फरक पडतो असं वाटलं. आता एका खोट्याला दुसरं टेकू देत उभं आहे.

मुद्दा असा की तेवीस तारखेला आमचा संघ फिलाडेल्फियाला सामन्याला येतोय. मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, जर्मनटाउनपासून लांब. सकाळी येणार, संध्याकाळच्या गाडीनं परत. बाबांना कळू देऊ नकोस. ऑगस्टात येऊन मीच सांगेन, नीट समोर बसून. गावात येऊन घरी न येणं मला फार लागतंय, पण त्यांच्यासमोर या गणवेशात उभं राहायची माझी छाती नाही.

रागावू नकोस. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा दादा,
अँब्रोज


जर्मनटाउन
ता. २५ जून १८६६

ती. दादास, सा. न. वि. वि.

नमस्कार रिवाज म्हणून लिहिला आहे. आतून आलेला नाही.

तुम्ही शनिवारी जर्मनटाउनला आलात, आमच्याच मैदानावर खेळलात, आणि घराच्या उंबऱ्याला पाय न लावता परत गेलात. तुमच्या ठरलेल्या मैदानावर सर्कशीनं तंबू ठोकला आणि आयत्या वेळी सामना इकडे आला, यात तुमचा दोष नाही. तिथून पुढचं सगळं तुमचं आहे. तुम्हाला जे दिसलं नाही, किंवा बघवलं नाही, ते मी लिहिते.

बाबा नेहमीप्रमाणे खेळपट्टीवर पहारा करायला आले होते आणि मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. तुमची मंडळी गाडीतून उतरली. तुम्हाला दाढी आली आहे, रंग रापला आहे, तरी बाबांनी क्षणात ओळखलं. माझा दंड धरला आणि म्हणाले की पोरगा आपल्याला चकित करायला आलाय बघ, पत्रात एक अक्षर लिहिलं नाही लबाडानं. त्यांनी हात वर केला. तुम्ही खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलात. बाबांनी हात खाली घेतला आणि मला समजावलं की खेळाच्या आधी खेळाडूशी घरगुती बोलू नये, तोच नियम तो पाळतोय. बेसबॉलबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, दादा. कपड्यांवरून सगळं दिसतच होतं.

मग शहराच्या संघातल्या एकाचं बोट सरावात मोडलं. त्यांचा गडी कमी पडला, तेव्हा बाबा पुढे झाले. मैदान आमचं आहे, पाहुणे न खेळता परत जाणं आम्हाला शोभत नाही, असं त्यांनी सांगितलं. खरं कारण मला माहीत आहे. तुमच्याबरोबर एका मैदानावर उभं राहायला मिळेल म्हणून गेले. कोट काढून माझ्याकडे देताना त्यांचे हात लगबग करत होते.

पुढचं तुम्ही पाहिलंत. पहिल्या पाळीला त्यांनी बॅट सरळ धरली, कोपर वर, आणि चेंडू असा अडवला की पायाशीच मेला. इतका सुरेख अडवलेला चेंडू मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. सगळे ओरडत होते की म्हाताऱ्या, पळ. बाबा उभेच, कारण तिथे धाव नव्हती. त्यांना बाद दिलं तेव्हा त्यांनी मागे वळून यष्ट्या पाहिल्या. तिथे यष्ट्या नव्हत्याच. तेव्हा लोक हसले, आणि मीही ओठ चावला, खोटं का बोलू.

दुसऱ्या पाळीला ते पळाले. चेंडू टोलवला आणि बॅट हातात घेऊनच पळाले, तुमच्याच तळाकडे. तळाशी आल्यावर पूर्ण वाकून त्यांनी बॅटचं टोक त्या पिशवीवर टेकवलं, रेषेच्या आत पोचल्यावर टेकवतात तसं, आणि तसेच वाकलेले असताना मान वर करून तुमच्याकडे बघितलं. हसत होते. पोचलो ना, असं त्यांना विचारायचं होतं. चेंडू तुमच्या हातात होता. बॅट टेकलेली त्या खेळात चालत नाही, माणूसच तळाला लागावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सगळं मैदान खदाखदा हसत होतं आणि तुम्हीही हसलात. तुमच्या कप्तानानं ओरडून विचारलं की हा आजोबा कोण, तुझ्या ओळखीचा आहे का. मी दोरीला टेकून उभी होते, मला स्वच्छ ऐकू आलं. तुम्ही म्हणालात की छे, असेल कुणी इंग्रज म्हातारा.

बाबा तुमच्यापासून हातभर अंतरावर होते. ते उठले, गुडघ्याची माती झटकली, आणि तुम्हाला उद्देशून म्हणाले की झेल छान होता, साहेब. साहेब म्हणाले. ते ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि तुम्ही पुढच्या चेंडूची वाट बघत होतात.

सामना तुम्ही जिंकलात. रिवाजाप्रमाणे हरलेल्यांनी तो चेंडू तुमच्या संघाला दिला आणि मैदानवाले म्हणून आमच्या क्लबानं सगळ्यांना जेवण दिलं. तुमचं डोकं दुखत होतं म्हणे, तुम्ही स्टेशनवर निघून गेलात. मी बटाटे वाढत होते. तुमचा कप्तान सांगत होता की आमचा पहिल्या तळाचा गडी याच प्रांतातला आहे. तेव्हा बर्किनकाका सहज म्हणाले की मला तर तो घटकाभर आपला अँब्रोजच वाटला, का रे इनॉक. बाबांनी हातातला काटा खाली ठेवला आणि सांगितलं की नाही, आमचा अँब्रोज क्रिकेट खेळतो. बर्किनकाका म्हणाले की मग माझे डोळे गेले वाटतं, आणि बिअर प्यायले. कुणाला संशय आला नाही.

दादा, बाबांनी खोटं बोललेलं तुम्ही कधी ऐकलंय? त्यांचं बोट वर गेलं की समोरचा संघसुद्धा वाद घालत नाही. काल प्रार्थनेहून परत येताना ते बर्किनकाकांकडे थांबले आणि पंचाचा पांढरा डगला घडी करून देऊन आले. नजर अधू झाली असं कारण दिलं. मला वाटेत म्हणाले की ज्यानं भर पंगतीत खोटी साक्ष दिली, त्यानं दुसऱ्याला बाद ठरवू नये. एवढंच बोलले. तुमच्याविषयी काही नाही.

डगला त्यांनी तुमच्यामुळे उतरवला आहे. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला लाज वाटते, तुमची आणि माझीही, कारण त्या दोरीखालून आत जाऊन मी सांगू शकले असते की हे माझे वडील आहेत. मीही गेले नाही.

केझाया


ब्रुकलिन
ता. १ जुलै १८६६

चि. केझीस आशीर्वाद. ते द्यायची माझी लायकी नाही, पण मोठा आहे म्हणून लिहितो.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. बाबांना लिहायला बसलो की 'तीर्थरूप' या शब्दाच्या पुढे जाता येत नाही. तोंडानं ज्याची ओळख नाकारली त्याला कागदावर तीर्थरूप म्हणायचं, हे मला जमेना.

तू लिहिलंस त्यातलं एक चुकीचं आहे. मी पुढच्या चेंडूची वाट बघत नव्हतो. मला काही दिसतच नव्हतं. बाबा वाकून वर बघत होते तेव्हा मला आधी हसू आलं, खरंच आलं, कारण ते दृश्य तसंच होतं. मग लाज वाटली. आधी त्यांची वाटली, केझी. त्या वाकलेल्या पाठीची, त्या बॅटीची, त्यांच्या नॉटिंगहॅमी बोलण्याची. ते शब्द तोंडातून गेले आणि बाबा मला साहेब म्हणाले, तेव्हापासून सगळी लाज उलटी फिरून माझ्यावर आली. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. स्टेशनवरच्या बाकावर तोंड लपवून बसलो होतो.

बुधवारी सरावानंतर मी संघातल्या सगळ्यांना सांगून टाकलं. तो इंग्रज म्हातारा माझा बाप आहे, आणि मीही इंग्रजच आहे, असं. मला वाटलं हाकलतील. कुणी हाकललं नाही. कप्तान माझ्याबरोबर फेरीबोटीपर्यंत चालत आला. त्यानं सांगितलं की त्याचे वडील आयर्लंडच्या कॉर्कचे, गोदीत ओझी वाहतात, आणि तो लोकांना सांगतो की ते वारले.

ऑगस्टची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि फक्त बाबांची माफी मागूनही भागणार नाही. त्यांनी पंगतीत सांगितलं, तेव्हा मला पंगतीतच सांगायला हवं. बर्किनकाकांना मी वेगळं पत्र टाकलं आहे आणि क्लबाच्या सभेत ते मोठ्यानं वाचायची विनंती केली आहे. त्यात लिहिलं आहे की पहिल्या तळावरचा माणूस मी होतो, इनॉक टान्स्लीचा मुलगा, बापाला ओळखत नाही असं मी म्हणालो, आणि माझी अब्रू राखायला ते माझ्यासाठी खोटं बोलले. डगला त्यांचा त्यांना परत द्यावा. जी काही छी-थू व्हायची ती माझी व्हावी.

हे बाबांना आधी सांगू नकोस. सांगितलंस तर ते वाचू देणार नाहीत. मला पुन्हा तोंड दाखवायची परवानगी मिळेल की नाही ते तूच कळव.

तुझा,
अँब्रोज


जर्मनटाउन
ता. १५ जुलै १८६६

चि. अँब्रोज यास आशीर्वाद. वि. वि.

केझाया म्हणाली की ती लिहिते. मी सांगितले की ज्याचे त्याने लिहावे.

काल क्लबाची सभा झाली. मैदानाचा विषय होता म्हणून सगळे आले होते, एरवी सामन्यालाही इतके येत नाहीत. बर्किनने चष्मा चढवला आणि म्हणाला की आधी एक पत्र वाचायचे आहे. पहिल्या ओळीलाच मला कळले. मी उठून जाणार होतो, पण दाराशी केझाया उभी होती आणि तिने वाट दिली नाही. तुझ्या आईवर गेली आहे.

पत्र संपेपर्यंत मी माझ्या टोपीकडे बघत होतो. मला वाटले आता कुजबुज होईल, कुणी हसेल. कुणाच्या तोंडावर नवलसुद्धा नव्हते. मग बर्किनने चष्मा काढला आणि मला म्हणाला की इनॉक, तू आम्हाला खुळे समजतोस का? तुझे पोर आमच्या अंगाखांद्यावर वाढले, त्याला चेंडू धरायला मी शिकवले, दाढी वाढवली म्हणून मी त्याचे हात विसरेन? तो गाडीतून उतरला तेव्हाच आम्ही सगळ्यांनी ओळखले होते.

सगळ्यांनी, अँब्रोज. त्या पंगतीत बसलेला प्रत्येक जण जाणून होता. मी खोटे बोललो आणि त्यांनी माझ्यासाठी माना खाली घालून जेवण केले. बर्किनचे डोळे माझ्यापेक्षा धड आहेत. मी समजत होतो की मी तुझी अब्रू झाकली. माझीच अब्रू सगळा क्लब तीन आठवडे झाकून बसला होता. ऐकताना कान जळत होते. त्या शनिवारी मैदानावर लोक हसले तेव्हा इतकी लाज वाटली नव्हती.

डगला त्यांनी परत आणला होता. मी घेतला नाही. राग म्हणून नाही. खोटे बोललो ते बोललो, माफी मिळाली म्हणून ते खरे होत नाही. दुसऱ्या कुणी पंच व्हावे. तसेही पंच हवाच कशाला, कारण मैदानाचा विषय निघाला तेव्हा पुढच्या वर्षीपासून ते बेसबॉलला द्यायचे ठरले. बुधवारी आम्हा म्हाताऱ्यांना खेळपट्टी मोकळी राहील. ठरावाला मीही हात वर केला. दोन दिवस खेळायला दोन दिवस असलेली माणसे लागतात, ती आता इथे नाहीत. कुंपणापलीकडची पोरे आम्ही आत घेतली असती तर कदाचित असती. हे मी बोलून दाखवले नाही, इथे फक्त लिहितो.

तू हसलास त्याचे मला काही नाही. मी दिसतच असेन तसा. तू म्हणालास ते लागले. तेही ऐकून घेऊन मी उठलो. पण मला ज्याची खरी शरम वाटते ते वेगळेच आहे. तू तो चेंडू घेतलास, एका हाताने, शरीर पूर्ण ताणून, पाय तळावरून न हलवता, तेव्हा माझा ऊर भरून आला होता. जन्मभर ज्या खेळाला शिव्या दिल्या त्यात पोरगा इतका देखणा दिसतो, आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगायची सोय नाही. टेबलावर बर्किनने विचारले तेव्हा जिभेवर होते की होय, माझाच आहे, बघितलात ना त्याचा झेल. ते गिळून मी दुसरेच बोललो. तुला वाचवायचे म्हणून बोललो, असे सगळे समजतात. थोडे त्यासाठी होते. थोडे असे होते की ज्याने मला ओळखले नाही त्याला मी तरी का ओळखू. पंच असतो तर स्वतःला तिथेच बाद दिले असते.

पुढच्या शनिवारी ये. रात्रीच्या गाडीने येऊ नकोस आणि मागच्या गल्लीतून येऊ नकोस. दिवसाउजेडी मुख्य रस्त्याने चालत ये. रस्त्यात बर्किन भेटेल, पाववाला भेटेल, ती जर्मन पोरे भेटतील. ते विचारतील की कुणाकडे निघालास. प्रत्येकाला थांबून सांग. मी दारात खुर्ची टाकून बसलेला असेन आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांग.

माया होती तशीच आहे. ती तुला पुरेल इतकी आहे की नाही ते येऊन बघ.

तुझा बाप (हे मी विचारेल त्याला सांगतो आहे),
इनॉक टान्स्ली